कूस

सुरुवातीला वाटी होती, आमटीची, स्टीलची.
मग श्रीखंडाचा रिकामा डबा.
मग मोरीतली निळी बादली, तळाला डेटॉल टाकून.
घणसोलीच्या आमच्या दोन खोल्यांत
आप्पांचा कफ मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे आलं.
पातळ, फेसाळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखा.
मंगळवारी अर्धा लिटर. बुधवारी थोडा जास्त.
आई म्हणायची, एवढं येतं तरी कुठनं,
जणू कुठेतरी पाइप फुटलाय
आणि आप्पा मुद्दाम बघायला जात नाहीत.

आप्पा व्हॉल्व्हमन होते.
तेवीस वर्षं पहाटे पावणेचारला
लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलून, वाकून,
अख्ख्या सेक्टरला पाणी सोडायचे.
आधी नळ खाकरायचा. मी बादली घेऊन धावले की म्हणायचे,
"थांब गो बाय, ही हवा हाय, पानी नाय अजून."
पाणी सोडल्याबद्दल त्यांना कुणी चहा पाजला नाही.
बंद केलं की शिव्या मात्र नावानिशी, हिराजी मढवी, बापासकट.

घरघर हा शब्द मी पेपरातच वाचलेला.
बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना लागायची ती.
शनिवारी रात्री आमच्या घरात लागली.
डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही,
आणि घशात कुणीतरी हुक्का ओढतंय.
भाऊ वाशीहून सक्शन मशीन घेऊन आला, दिवसाला दोनशे भाड्याने.
नळी आत गेली तसे आप्पा अख्खे ताठ झाले,
जे सहा दिवसांत हलले नव्हते ते हात
नळी धरायला वर आले.
बाटलीत दोन चमचे. पाच मिनिटांनी आवाज पुन्हा तोच.

सिस्टर लिसम्मा रविवार असून आली.
चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवली.
म्हणाली, खोल नाही घालायची नळी. घसा रागावतो, अजून पाणी सोडतो.
पोटाच्या कातडीखाली बारीक सुई बसवली,
औषध दिलं, म्हणाली, नवीन बनणारा कमी होईल.
साठलाय तो नाही सुकणार. तो आपण वाट करून देऊ.
मग माझे हात धरून शिकवलं:
एक तळवा खांद्यामागे, एक कमरेखाली,
गुडघा वाकवून, पाठीला उशी,
डोकं थोडं उंच, गाल टॉवेलवर.
आप्पा कुशीवर वळले
आणि ओठाच्या कोपऱ्यातून आपसूक वाहू लागलं,
जसं टाकी भरल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून.

सलाइन बंद करू या, ती म्हणाली.
आत जाईल ते शरीर आता वापरत नाही, छातीतच साठवतंय.
भाऊ उठून गॅलरीत गेला.
आत्या मोठ्यानं म्हणाली, माझ्या भावाचं पाणी तोडलं रे.
मी सलाइनच्या नळीवरचं ते छोटं चाक बघत होते.
दोन बोटांनी फिरवायचं.
कोपऱ्यातली आप्पांची चावी चार फुटांची, दोन्ही हातांनी लागायची.

"आवाज त्यांना नाही त्रास देत. आवाज तुमच्यासाठी मोठी आहे,"
सिस्टर म्हणाली. तिचं मराठी तेवढंच चुकलं,
पण चुकलं असं मला अजून वाटत नाही.

रात्री दर दोन तासांनी कूस.
ओल्या बोळ्याने जीभ, ओठांना व्हॅसलिन,
कारण आत पूर आणि तोंड कोरडं ठणठणीत.
आवाज गेला नाही. खाली आला,
शेजारच्या खोलीतल्या मिक्सरएवढा, मग त्याहून कमी.
भाऊ मशीनवर चादर टाकून, तिलाच टेकून झोपला.

चारला पाच कमी असताना
एकदम मोठी घरघर झाली.
आई आणि मी दोघी खाटेवर झेपावलो.

नळ होता.

नवीन पोरगा. दहा मिनिटं उशीर.
आप्पांनी शिवी हासडली असती.
त्यांचा श्वास चालू होता, भिंतीकडे तोंड करून, सावकाश.
आई हंडा घेऊन मोरीत गेली.
मी म्हटलं, थांब. हवा आहे अजून.